क्यूजीआयएसमध्ये पुरातत्त्वीय थर थ्रीडीत नीट दिसत नाहीत? चवदार तळ्याच्या नकाशावर एकेक बिघाड शोधूया

क्यूजीआयएस हे मोफत आणि मुक्तस्रोत नकाशा सॉफ्टवेअर. २०१८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्यात थ्रीडी नकाशाची स्वतंत्र खिडकी मिळते. इतिहास, भूगोल किंवा पुरातत्त्व शिकणारी बरीच मुलं ती उघडतात, आपले थर त्यात टाकतात आणि तिथेच अडकतात. थर दिसत नाहीत, दिसले तर हवेत लटकतात, नाहीतर सगळ्यात जुना थर सगळ्यात वर येऊन बसतो.

या लेखात मी अशा नऊ तक्रारी घेतल्या आहेत. प्रत्येकीचं लक्षण, कारण आणि उपाय क्रमाने दिला आहे. मेनूंची नावं आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे होतात, पण दुखणी तीच राहतात.

सरावासाठी चवदार तळंच का?

रायगड जिल्ह्यातल्या महाडचं चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तो कागदावर होता, पाण्यापर्यंत पोहोचला नव्हता. सत्याग्रहानंतर प्रकरण कोर्टात गेलं आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना बंदी ही अनादिकाळापासूनची रूढी आहे, असा समोरच्यांचा दावा होता. तो सिद्ध झाला नाही.

म्हणजे या तळ्याबाबत "हे किती जुनं?" हा नुसता कुतूहलाचा प्रश्न नव्हता, त्यावर माणसांचा हक्क अडला होता. पुरातत्त्वातले थर नेमकं याच प्रश्नाचं उत्तर देतात. म्हणून थराची उंची चुकीची दाखवणं म्हणजे खोटी साक्ष देणं. पुढची प्रत्येक दुरुस्ती करताना एवढं लक्षात ठेवा: चित्र छान दिसावं म्हणून आकडा सरकवायचा नाही, आकडा कुठे बिघडला ते शोधायचं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. खाली तळ्याच्या काठावर जो चौकोनी खड्डा मी वापरला आहे, तो कल्पित आहे, फक्त सरावासाठी. कुणीही तिथे किंवा इतर कुठे कुदळ घेऊन जाऊ नये. उत्खननाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

सरावाची माहिती

खड्डा ५ मीटर बाय ५ मीटर. शेजारी एक पक्का, न हलणारा खुणेचा दगड. त्याची उंची सरावासाठी २०.०० मीटर धरली आहे. खोली या दगडापासून खाली मोजली आहे.

- थर १, अलीकडचा भराव: खोली ० ते ०.४० मीटर
- थर २, पुराचा गाळ: ०.४० ते ०.६५ मीटर
- थर ३, चोपलेली जुनी जमीन: ०.६५ ते ०.८० मीटर
- थर ४, मुरूम: ०.८० ते १.५० मीटर

गाळाचा थर उगाच घातलेला नाही. महाड सावित्री नदीच्या काठी आहे आणि जुलै २०२१ च्या पुरात शहरात पाणी आणि चिखल किती साठला होता ते सगळ्यांनी पाहिलं. नदीकाठच्या गावात असा थर येणं स्वाभाविक आहे.

तळ्याची हद्द ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या, किंवा उपग्रहचित्रावर स्वतः रेघ ओढून बहुभुज तयार करा. फाइल जिओपॅकेज स्वरूपात ठेवा. जुन्या शेपफाइलमध्ये रकान्यांची नावं दहा अक्षरांत तुटतात आणि मराठी नावांची तर पार वाट लागते.

तक्रार १: थ्रीडी खिडकी उघडतच नाही, किंवा अख्खी पृथ्वी दिसते

*लक्षण:* व्ह्यू मेनूतून नवा थ्रीडी मॅप व्ह्यू मागितला की सूचना येते आणि काहीच होत नाही. काही नव्या आवृत्त्यांत खिडकी उघडते, पण खड्ड्याऐवजी पृथ्वीगोल दिसतो.

*कारण:* प्रोजेक्टची निर्देशक पद्धत अक्षांश-रेखांशाची आहे, म्हणजे ईपीएसजी ४३२६. तिथे आडवं अंतर अंशात मोजलं जातं आणि उंची मात्र मीटरमध्ये. महाडच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे जवळजवळ १०६ किलोमीटर. आता ५ मीटरचा खड्डा आणि ५ अंशांचा खड्डा यात केवढा फरक पडेल, तुम्हीच बघा.

*उपाय:* खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात निर्देशक पद्धतीचं नाव असतं. त्यावर क्लिक करून ईपीएसजी ३२६४३ निवडा. हा यूटीएमचा ४३ उत्तर विभाग, ७२ ते ७८ पूर्व रेखांशाचा. महाड साधारण ७३.४ पूर्वेला आहे, म्हणजे आरामात आत बसतं.

इथे एक सापळा आहे. लेयरवर उजवं क्लिक करून "सेट लेयर सीआरएस" केलंत तर आकडे बदलत नाहीत, फक्त लेबल बदलतं आणि लेयर भलतीकडे जातो. आकडे खरोखर बदलायचे असतील तर प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं "रीप्रोजेक्ट लेयर" वापरा.

तक्रार २: उंचीचा रकाना आहे, पण सगळे थर शून्यावर सपाट पडलेत

*लक्षण:* सीएसव्ही फाइल उघडली, आकडे डोळ्यांना दिसतात, पण थ्रीडीत सगळं एकाच पातळीवर.

*कारण:* आपल्याकडे हे फार होतं. फोनवर मराठी कीबोर्ड लावून नोंदी केल्या की आकडे देवनागरीत टाइप होतात. आपल्याला तो आकडा दिसतो, क्यूजीआयएसला तो मजकूर वाटतो. दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला असेल किंवा आकड्यापुढे "मी." लिहिलं असेल, तरी हेच होतं.

*उपाय:* लेयर प्रॉपर्टीजमध्ये फील्ड्स उघडून रकान्याचा प्रकार बघा. तिथे टेक्स्ट किंवा स्ट्रिंग दिसलं की रोग सापडला. मूळ तक्त्यात "शोधा आणि बदला" वापरून दहाही देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला, एककाची अक्षरं काढा आणि फाइल पुन्हा आत घ्या. फाइल आत घेताना डिलिमिटेड टेक्स्टच्या खिडकीत एक्स, वाय यांच्याबरोबर झेड फील्डही निवडा. ते रिकामं सोडलं तर बिंदूंना उंची मिळतच नाही.

लेयर आधीच बहुभुजाचा असेल आणि उंची नुसती रकान्यात असेल, तर "सेट झेड व्हॅल्यू" हे साधन ती आकारात भरतं. पण तक्रार ५ वाचल्याशिवाय ते चालवू नका.

तक्रार ३: जुना थर वर, नवा थर खाली

*लक्षण:* मुरूम आकाशात, भराव तळाला. अख्खा खड्डा उलटा.

*कारण:* वहीत खोली लिहिलेली असते आणि सॉफ्टवेअरला हवी असते उंची. खोली खाली वाढते, उंची वर वाढते.

*उपाय:* फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये दोन नवे दशांश रकाने करा.

- तळाची उंची = खुणेच्या दगडाची उंची वजा थराच्या तळाची खोली
- जाडी = तळाची खोली वजा माथ्याची खोली

आपल्या थर २ साठी तळाची उंची २०.०० वजा ०.६५, म्हणजे १९.३५ मीटर. जाडी ०.६५ वजा ०.४०, म्हणजे ०.२५ मीटर. माथा आला १९.६० वर, आणि थर १ चा तळही १९.६० वरच आहे. दोन्ही जुळले की हिशोब बरोबर. चारही थरांचा असा ताळा आधी कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

नुसता उणे चिन्ह लावून थर सरळ करायचा मोह होतो. एका खड्ड्यात ते चालूनही जातं. पण शेजारी दुसरा खड्डा आला आणि त्याची जमीन अर्धा मीटर वर असली, की दोन खड्ड्यांतले थर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून सगळ्या खड्ड्यांना एकच खुणेचा दगड ठेवा.

तक्रार ४: थर गायब आहेत, फक्त जमीन दिसते

*लक्षण:* यादीत लेयरला टिकमार्क आहे, उंची बरोबर आहे, तरी खिडकीत फक्त जमीन.

*कारण:* थर जमिनीखाली आहेत आणि वर जमिनीचा पृष्ठभाग झाकणासारखा बसला आहे! पुरातत्त्वाच्या कामात ही अडचण सगळ्यात जास्त येते, कारण ही खिडकी मुख्यतः इमारती आणि डोंगर दाखवण्यासाठी वापरली जाते.

*उपाय:* थ्रीडी खिडकीच्या कॉन्फिगरेशनमध्ये टेरेन विभाग उघडा आणि टेरेनसमोरची खूणच काढा. झाकण गेलं की थर दिसतात. जमीन दाखवायचीच असेल तर खड्ड्याच्या जागी तिला भोक पाडा: उंचीच्या रास्टरमधून खड्ड्याचा भाग कापून तिथे "नो डेटा" ठेवा. मात्र यासाठी रास्टर बारीक हवं, सेंटिमीटरमध्ये मोजलेलं. उपग्रहाच्या रास्टरवर हा उपाय लागू पडत नाही. का, ते तक्रार ६ मध्ये.

तक्रार ५: थर हवेत लटकतात, किंवा उंची दुप्पट होते

*लक्षण:* १९.३५ वर बसायला हवा तो थर ३८.७० वर दिसतो. किंवा थर जमिनीसारखे वर-खाली वाकलेले दिसतात.

*कारण:* लेयर प्रॉपर्टीजच्या थ्रीडी व्ह्यूमध्ये "अल्टिट्यूड क्लॅम्पिंग" नावाची निवड असते. तिचे तीन पर्याय आहेत.

- अ‍ॅब्सोल्यूट: तुमची उंची जशीच्या तशी घेतली जाते.
- रिलेटिव्ह: जमिनीच्या उंचीत तुमची उंची मिळवली जाते.
- टेरेन: तुमची झेड उंची सोडून थर जमिनीला चिकटवला जातो.

उत्खननाच्या थरांना जवळजवळ नेहमी अ‍ॅब्सोल्यूट लागतं. दुसरी बाजू अशी की "हाइट"च्या चौकटीत टाकलेला आकडा आकारातल्या झेडमध्ये मिळवला जातो. आकारात आधीच १९.३५ असेल आणि हाइटमध्येही तोच रकाना जोडला असेल, तर बेरीज ३८.७०. म्हणून उंची एकाच जागी ठेवा. मी आकार साधे दुमितीच ठेवतो, हाइटला तळाची उंची आणि एक्स्ट्रूजनला जाडीचा रकाना जोडतो. आकडा बदलला तर तक्ता बदलला की पुरतं.

एक्स्ट्रूजन नेहमी वरच्या दिशेने वाढतं. म्हणूनच हाइटमध्ये थराचा तळ द्यायचा, माथा नाही. माथा दिलात तर प्रत्येक थर आपल्या जाडीएवढा वर सरकतो. चित्र सुरेख दिसतं, म्हणून ही चूक लवकर पकडली जात नाही.

तक्रार ६: जमीन आणि खड्डा जुळतच नाहीत

*लक्षण:* खड्डा जमिनीपासून काही मीटर वर तरंगतो, नाहीतर खोल गाडला जातो.

*कारण:* इथे दोन वेगळी कारणं असतात. ती वेगवेगळी तपासा.

पहिलं कारण म्हणजे जमिनीची माहिती जाड आहे. मोफत मिळणारं एसआरटीएम हे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून मोजलेलं रास्टर. त्याचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा आणि उंची पूर्ण मीटरमध्ये. उच्च न्यायालयाच्या निकालात तळ्याचा विस्तार चार-पाच एकर सांगितला आहे. एवढं तळं या रास्टरमध्ये जेमतेम वीसेक चौकोनांत संपतं. आपल्या ५ मीटरच्या खड्ड्यासारखे ३६ खड्डे तर एकाच चौकोनात मावतील. शिवाय या रास्टरच्या उंचीत कित्येक मीटरची चूक धरूनच चालावं लागतं. १५ सेंटिमीटरच्या थराशी ते जुळावं अशी अपेक्षाच करू नका. परिसर दाखवायला, म्हणजे महाडभोवतीचे डोंगर, गांधारपाले लेण्यांचा डोंगर किंवा उत्तरेला रायगड दाखवायला, ते उत्तम आहे.

दुसरं कारण म्हणजे उंची कुठून मोजली ते वेगळं आहे. उपग्रह स्थाननिश्चितीत उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मिळते, आणि एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीच्या हिशोबाने असते. आपल्या भागात या दोन्हींत साठ मीटरहून जास्त फरक आहे. म्हणून महाडसारख्या सखल गावात काही अ‍ॅप चक्क उणे उंची दाखवतात! फोन बिघडलेला नाही, शून्य वेगळं आहे. काही अ‍ॅप ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत.

*उपाय:* फरक साठ-सत्तर मीटरचा असेल तर शून्याचा घोळ समजा आणि माहितीसोबतच्या नोंदीत उंचीचा आधार वाचा. फरक पाच-दहा मीटरचा असेल तर रास्टरचा जाडपणा समजा. दुसऱ्या प्रकारात थर सरकवून जमिनीला भिडवू नका. परिसरासाठी एक थ्रीडी खिडकी आणि खड्ड्यासाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या ठेवा.

आणि हो, थरांची उंची फोनच्या जीपीएसवरून कधीच घेऊ नका. फोनची उभी चूक काही मीटरची असते, थर सेंटिमीटरचा. टोटल स्टेशन किंवा डंपी लेव्हल असेल तर उत्तम. नसेल तर खुणेच्या दगडावरून ताणलेली दोरी, पाणसळ आणि टेप हे फोनपेक्षा कितीतरी खरं सांगतात.

तक्रार ७: दोन थरांच्या सीमेवर चित्र लुकलुकतं

*लक्षण:* कॅमेरा फिरवला की सीमेवर दोन रंग भांडल्यासारखे दिसतात.

*कारण:* थर २ चा माथा आणि थर १ चा तळ अगदी एकाच उंचीवर आहेत. कोणता पृष्ठभाग पुढे काढायचा ते ग्राफिक्सला ठरवता येत नाही.

*उपाय:* एक्स्ट्रूजनच्या सूत्रात जाडीतून अर्धा सेंटिमीटर वजा करा. हा बदल फक्त दिसण्याच्या शैलीत करायचा, तक्त्यातल्या जाडीला हात लावायचा नाही.

याच्याच जवळची गोष्ट म्हणजे उभा ताण. पातळ थर ठळक दिसावेत म्हणून टेरेनमधला "व्हर्टिकल स्केल" वाढवला जातो. काही आवृत्त्यांत त्याने जमीन ताणली जाते, पण हाइटमधून बसवलेले थर तसे ताणले जात नाहीत, आणि दोन्ही सुटे होतात. म्हणून तो १ वर ठेवा. ताणायचंच असेल तर हाइट आणि एक्स्ट्रूजन दोन्हींना एकाच संख्येने गुणा, आणि चित्रावर "उभा ताण ३ पट" असं लिहा.

तक्रार ८: एकच पृष्ठभाग दिसतो, बाकीचे जात नाहीत

*लक्षण:* प्रत्येक थराच्या माथ्याचं रास्टर केलं, पण खिडकीत एका वेळी एकच उंचावलेला दिसतो.

*कारण:* या खिडकीत टेरेन एकच असतं. बाकीची रास्टर त्याच्यावर चादरीसारखी पसरतात.

*उपाय:* थराच्या बिंदूंपासून रास्टरऐवजी मेश बनवा. प्रोसेसिंगमध्ये "टीआयएन मेश क्रिएशन" आहे. एकाच खिडकीत अनेक मेश वेगवेगळ्या उंचीवर राहतात. दुसरा मार्ग म्हणजे क्यूजीआयएस-टू-थ्रीजेएस हे प्लगइन. त्यात एकाहून जास्त उंचीची रास्टर निवडता येतात.

पृष्ठभाग बनवल्यावर एक तपासणी चुकवू नका. बिंदू विरळ असले की वरचा पृष्ठभाग मध्येच खालच्याच्याही खाली शिरतो. हे पकडायला दोन्हींची रास्टर घ्या आणि रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये वरच्यातून खालचा वजा करा. उत्तर जिथे उणे येतं, तिथे पृष्ठभाग अंदाजाने भरलेला आहे, मोजलेला नाही. ती जागा चित्रात पुसट दाखवा, किंवा रिकामी सोडा.

तक्रार ९: क्रम चुकलेला वाटतो, पण आकडे बरोबर आहेत

इथे सॉफ्टवेअरचा दोष नसतो, म्हणून ही तक्रार मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

खालचा थर जुना, वरचा नवा हा मूळ नियम. पण माणसं खड्डे खणतात, पाया घालतात, विहिरी बुजवतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे असे एकावर एक तीन काळ सापडले. तिथल्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुलं मिळाली. असा कुंभ उंचीने जमिनीच्या खाली असतो, पण तो पुरला गेला ती जमीन वापरात असताना. म्हणजे जागा खालच्या थरात आणि काळ वरच्या थराचा.

म्हणून थरांना रंग उंचीवरून देऊ नका. तक्त्यात "काळ" असा वेगळा रकाना ठेवा आणि रंग त्यावरून द्या. खड्डे, पाये आणि पुरणं यांना वेगळा लेयर करा. एखादा आकार क्रमात बसत नाही म्हणून त्याला वर ढकलून "दुरुस्त" केलंत, तर कदाचित त्या उत्खननातली सगळ्यात महत्त्वाची गोष्टच पुसून टाकाल.

खात्री करायची असेल तर थ्रीडी सोडा आणि क्यूजीआयएस ३.२६ पासून आलेलं एलिव्हेशन प्रोफाइल उघडा. खड्ड्यावरून एक रेघ ओढली की आडवा छेद मिळतो. थ्रीडीत कॅमेऱ्याच्या कोनामुळे डोळा फसतो, छेदात तेवढा फसत नाही. त्यासाठी लेयर प्रॉपर्टीजच्या एलिव्हेशन विभागातही तेच क्लॅम्पिंग आणि तीच उंची द्यावी लागते. ते वेगळं ठरवायचं असतं, आपोआप येत नाही.

फोनवर दाखवायचंय? मग हे वाचा

क्यूजीआयएस हा कम्प्युटरचा प्रोग्राम. फोनवर नोंदी घ्यायला क्यूफील्ड आहे. तयार थ्रीडी चित्र मित्रांना दाखवायचं असेल तर वर सांगितलेलं क्यूजीआयएस-टू-थ्रीजेएस ब्राउझरमध्ये फिरवता येणारं पान बनवून देतं.

इथे नेहमीची तक्रार म्हणजे "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, पण पांढरं पान उघडतं." कारण पाठवली जाते फक्त इंडेक्स नावाची फाइल, आणि तिला लागणारी माहिती राहते शेजारच्या फोल्डरांत. सगळा फोल्डर गिटहब पेजेससारख्या मोफत जागी चढवा आणि फक्त दुवा पाठवा. स्वतःच्याच कम्प्युटरवर पान उघडत नसेल, तर निर्यात करताना पान स्थानिक पातळीवर चालू देण्याचा पर्याय निवडलाय का ते बघा. फोन अडखळत असेल तर जमिनीच्या रास्टरचा तपशील कमी करा, थरांचा नाही.

आणि पाठवण्याआधी चित्रावरच मोठ्या अक्षरांत लिहा: "सराव, प्रत्यक्ष उत्खनन नाही." खालच्या मजकुरात लिहून भागत नाही, कारण फॉरवर्ड होताना मजकूर गळतो आणि चित्र तेवढं पुढे जातं. २० मार्चच्या आसपास चवदार तळ्याबद्दल फोनवर काय काय फिरतं ते तुम्ही बघताच. "तळ्याखाली सापडले अमुक वर्षांपूर्वीचे थर" असा मथळा तुमच्या सरावाच्या चित्राला कुणीही चिकटवू शकतो, आणि थ्रीडी चित्र दिसलं की लोक पटकन विश्वास ठेवतात. ज्या तळ्याच्या पाण्यासाठी लोकांना दहा वर्षं कोर्टात पुरावे मांडावे लागले, तिथे आपल्याकडून खोटा पुरावा जाता कामा नये.

तपासणीचा क्रम: स्क्रीनशॉट काढून ठेवा

1. प्रोजेक्ट ईपीएसजी ३२६४३ मध्ये आहे का?
2. उंचीचा रकाना संख्येचा आहे का? देवनागरी आकडे राहिले नाहीत ना?
3. खोलीची उंची केली का? एका थराचा माथा आणि वरच्या थराचा तळ जुळतो का?
4. टेरेन बंद करून थर दिसतात का?
5. क्लॅम्पिंग अ‍ॅब्सोल्यूट आहे का? उंची एकाच जागी दिली आहे ना?
6. जमीन आणि थर यांचं शून्य एकच आहे का?
7. व्हर्टिकल स्केल १ आहे का?
8. पृष्ठभागांची वजाबाकी कुठे उणे येते का?
9. रंग काळावरून दिला आहे का?

याच क्रमाने जा. वरची पायरी बिघडलेली असताना खालची दुरुस्त केली, तर एक चूक दुसरीला झाकते आणि चित्र निव्वळ योगायोगाने बरोबर दिसतं. नऊही उत्तरं बरोबर असतील आणि तरीही चित्र विचित्र दिसत असेल, तर सेटिंग बदलायचं थांबवा आणि मूळ वही उघडा. आता प्रश्न मोजणीचा आहे, आणि त्याचं उत्तर जागेवर टेप आणि पाणसळ घेऊनच मिळेल.